सोळा आण्यांचे उष्णतामान

१ एप्रिल १९५७ रोजी सरकारने रुपयाचे शंभर नवे पैसे केले आणि सोळा आण्यांची कायमची बोळवण केली, अशी आमची समजूत होती. परंतु कालावलच्या खाडीकाठी, आमच्या पुतण्याने कोळंबीच्या तळ्यात सोडलेल्या करंगळीएवढ्या धातूच्या नळीत ते आणे अद्याप सुखाने नांदत आहेत. डीएस१८बी२० असे रावणाच्या सेनेतील शोभेल असे नाव धारण करणारी ही उष्णतामापक चिप एका अंशाचे बारीकात बारीक सोळा भाग करते. म्हणजे अठ्ठावीस अंश एक आणा हे तिच्या लेखी २८.०६२५!

ज्या एटमेगा३२८पी चिपेस ती हा जबाब देते, तिला दशांश मुळी कळतच नाही. अधेली, पावली, चवली, आणा असे निम्म्याचे निम्मे करीत जाणे हाच तिचा हिशेब. त्यामुळे आणा तिला चोख समजतो, पण एक दशांश म्हटला, की कितीही बारीक नाणी रचली तरी तो पुरता भरत नाही. आपणां दहा बोटांच्या प्राण्यांना वाचता यावे म्हणून त्या द्विमान रकमेचे अक्षरांत रूपांतर करून ती तारेवरून एकेक अक्षराने रवाना करावी लागते, आणि सारा तंटा या कारकुनीत आहे.

पुतण्याने प्रथम सी भाषेतील एसप्रिंटएफ नामक सर्वज्ञ मुनशीस पाचारण केले. चिपेजवळ हुकूम साठवण्यास अवघी ३२ किलोबाइट जागा आणि चालू कामकाजास २ किलोबाइट, म्हणून या मुनशीच्या दप्तरातून अपूर्णांक छापण्याचे कलम काटकसरीखातर आधीच वगळलेले असते. हवे असल्यास ते निराळे मागून घ्यावे लागते. मुनशीने यत्किंचितही तक्रार न करता अंकाच्या जागी केवळ एक प्रश्नचिन्ह लिहून दिले. “काका, आकडो येना नाय, नुसतां प्रश्नचिन्ह येता!” असे पुतण्या कळवळून म्हणाला खरा, पण कचेरीत हयात घालविलेल्या आम्हांस त्या मुनशीविषयी आदरच वाटला, आपणांस जे ठाऊक नाही त्यावर इतका त्रोटक आणि इतका प्रामाणिक शेरा आमच्या साऱ्या नोकरीत कोणी मारल्याचे स्मरत नाही.

मग चिपेच्या आर्डुइनो संचातील सिरियल प्रिंट नामक दुसऱ्या मुनशीकडे काम सोपविण्यात आले. तो बिनतक्रार छापतो, मात्र वेगळी ताकीद नसल्यास दशांशचिन्हापुढे दोनच स्थळे. आण्याचे झाले .०६, चवलीचे .१२, तीन आण्यांचे .१९, पावलीचे .२५, आणि हा कागद पाहताच आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले, कारण मालवणच्या बाजारात दुकानादुकानांच्या खांबावर सत्तावन्न साली टांगलेले सरकारी कोष्टक अक्षरशः हेच होते! चवलीचे वास्तविक साडेबारा पैसे. परंतु रक्कम बरोबर मधोमध पडल्यास खालच्या पैशावर उतरावे, असे कायद्याचे कलम होते, आणि त्या अर्ध्या पैशावरून कोथिंबिरीच्या जुडीपाशी झालेली रणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो बारा विसरणे शक्य नाही.

यंत्राने हे कलम वाचलेले नाही. ते उलट वरच्या पैशावर चढण्याच्या सद्धेतूने रकमेत .००५ मिळविते आणि मग पुढची अक्षरे तोडून टाकते. परंतु सोळा ते बत्तीस अंशांच्या दरम्यान त्याच्या मापाची पायरी एका अंशाच्या ५,२४,२८८व्या भागाएवढी असल्यामुळे ती बेरीज .१३ला केसभर कमी पडते आणि छापले जाते .१२. सहा आण्यांचे .३७, दहांचे .६२, चौदांचे .८७: अगदी सरकारी शिरस्त्याप्रमाणे! मात्र वैशाखात दुपारी उथळ तळ्याचे पाणी बत्तिसाच्या वर गेले, की पायरी दुपटीने मोठी होते, बेरीज या खेपेस केसभर पुढे पडते आणि तीच चवली .१३ होते. उन्हाळ्यात माणसांची नियत फिरते हे आम्ही महसूल खात्यात पुष्कळ पाहिले होते; यंत्राचीही फिरते, आणि तीही नेमकी बत्तीस अंशांवर, हे ज्ञान आम्हांस उतारवयात झाले.

अखेर पुतण्याने अपूर्णांकांशी संबंधच तोडला. उष्णतामापक चिपेकडून आण्यांचीच पूर्ण संख्या घ्यावी, म्हणजे ४४९; सोळांनी भागून आलेले २८ छापावेत, मग टिंब, आणि उरलेल्या आण्यांस ६२५ने गुणून येईल ते त्यापुढे लिहावे. युक्ती बिनतोड होती. फक्त एका आण्याचे ६२५ येतात, त्यांना चार स्थळे भरण्यासाठी आरंभी शून्य जोडावे लागते, आणि ते त्याने जोडले नव्हते. परिणामी तळे क्षणात २८.६२५ अंशांवर गेले. एका आण्याचे एका ओळीत दहा आणे करून दाखविणे हे सत्तावन्न सालच्या त्या गोंधळातसुद्धा आमच्या बाजारपेठेतील एकाही वाण्यास साधले नव्हते.