अपिलाची सोय झाली हो!

चाळीसेक वर्षं आमच्या वकिलांनी मोर्चे काढले, साखळी उपोषणं केली. अखेर १८ ऑगस्ट २०२५ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर सुरू झालं. आनंद सगळ्यांनाच झाला. पण सगळ्यात जास्त सोय कुणाची झाली, हे आमच्या गल्लीतल्या तात्यांनीच हेरलं. एका पतसंस्थेत तात्यांचे चार लाख अडकलेत, त्यामुळं कायदा त्यांना तोंडपाठ आहे.

"घोटाळा कोल्हापुरात, शिक्षा कसबा बावड्यात आणि अपील सीपीआरच्या दारात," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "मुंबईला जायचं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट वाचलं. आणि निकाल ऐकून छातीत कळ आलीच, तर रस्ता ओलांडला की दवाखाना!"

"पण तात्या, शिक्षा तर होते ना?"

"होते की! सुनील केदारांचं वाचलं न्हाईस? ते अध्यक्ष असताना नागपूर जिल्हा बँकेत २००२ साली सरकारी रोख्यांचा घोटाळा झाला, १५० कोटींच्या घरातला. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ला. पाच वर्षं कैद, साडेबारा लाख दंड. आणि ९ जानेवारीला हायकोर्टातनं जामीन! एकवीस वर्षांचा खटला, आत तीन आठवडेबी न्हाईत. सुटल्यावर मिरवणूक निघाली, खासबागेत कुस्ती मारल्यागत."

हे सगळं कायद्यात बसतं, हे मी तात्यांना समजावलं. अपील हा दोषी ठरलेल्याचा हक्क, आणि ते चालेपर्यंत कोर्ट शिक्षा स्थगित ठेवू शकतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३८९, आता नव्या संहितेत ४३०. शिवाय शिक्षा थांबली म्हणून दोष पुसला जात नाही. केदारांची आमदारकी गेली ती गेलीच. २०२४ला सावनेरमधून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, आणि पडल्या.

तात्यांचा जीव मात्र अशा निकालांतल्या 'शिक्षा एकत्रित भोगायच्या' या शब्दांवर जडलाय. विश्वासघाताची वेगळी, बनावट कागदाची वेगळी, कटाची वेगळी. भोगायची मात्र एकदमच. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं वाढून घ्यायचं आणि बिल एकाच वाटीचं! तात्यांचे घरकर्जाचे तीन हप्ते थकले, तेव्हा बँकेनं ते काही एकत्रित भोगू दिले नव्हते. वर दंडव्याज लावलं.

परवा तात्या स्वतः बेंचवर जाऊन आले. आपल्या चार लाखांचं अपील करता येतं का, विचारायला. पायरीवरच्या वकिलानं कागद चाळले आणि म्हणाला, "काका, अपिलाला आधी निकाल लागतो."