पॉइंट काढा, गाडी चालवा

जुन्या बुलेटला किंवा येझदीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की जळगावात हळहळणारे पुष्कळ. "ओरिजिनल गेलं ना भो गाडीचं!" असं म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या गाड्या बहुधा ताडपत्रीखाली असतात. धुळे-जळगाव रस्त्यावर, मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली, तर ते ओरिजिनलपण किक मारायला येत नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन ज्याच्या जागी येतं, त्या पॉइंटचं काम एवढंच, की कॉइलमधला करंट ऐन वेळी तोडायचा. तो तुटला की कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. येझदी टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला ४००० फेरे झाले तर पॉइंट ४००० वेळा उघडणार. त्याची फायबरची टाच झिजते, ०.४ मिलिमीटरची फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडतं. गाडीची ओढ जाते, इंजिन तापतं, पेट्रोल वाढतं. मेकॅनिक फिलर गेज लावतो, पॉलिश पेपर मारतो. काही दिवसांनी पुन्हा तेच.

१९८५ साली आरएक्स १०० आणि सीडी १०० या मोटारसायकली आल्या त्या सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, घेऊनच. तेव्हा अख्ख्या खान्देशाने त्या आनंदाने घेतल्या. तीच सोय जुन्या गाडीला दिली की पाप कसं होतं?

बरं, विंटेज म्हणवून घ्यायचं असेल तर २०२१ चा केंद्राचा नियम वाचा. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको, आणि तशी नोंद झाल्यावर ती रोजच्या वापराला काढायची नाही. ज्याला गाडी रोज शेतावर न्यायची आहे, त्याने त्या मानाच्या मागे का लागावं?

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. वायरिंग कुजलेलं, अर्थ सैल, डायनॅमो धड चार्ज करत नाही, आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं नवं किट ठोकून द्यायचं. उतरत्या बॅटरीवरही पॉइंटची गाडी ढकलून सुरू व्हायची. किटमधली बरीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ठरावीक व्होल्टेजच्या खाली ठिणगीच देत नाहीत. सहा व्होल्टच्या येझदीला बारा व्होल्टचं किट तर लावूच नये. बुलेटमध्ये काही किट फक्त पॉइंटची जागा घेतात. खालची ॲडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा जुन्याच राहतात. स्प्रिंगा सैल असतील तर टायमिंग लवकर पुढे सरकतं आणि चढावर इंजिन ठोकतं. शाफ्टचा बुश गेला असेल तर तो आधी बदला.

काढलेली पॉइंटची प्लेट फेकू नका. कंडेन्सर आणि स्क्रूंसकट टूलबॉक्समध्ये ठेवा. मॉड्यूल रस्त्यात गेलं तर ते एरंडोललाच काय, कुठेच घासून दुरुस्त होत नाही. प्लेट मात्र तिथल्या तिथे परत बसते. आणि वायरिंग तपासायला मेकॅनिकचा दिवस गेला, तर त्याची मजुरी वेगळी द्या. किटच्या किमतीत ती फुकट मागू नका.