रॉयल सोसायटीचे उपयोगिता प्रमाणपत्र

लंडनच्या रॉयल सोसायटीचे दप्तर आमच्या समितीपुढे तपासणीला आले आहे. ते आमच्याकडे का यावे, हे कृपया विचारू नये. समितीला अधिकार होता की नाही हा प्रश्न फाइल निकाली निघाल्यावर काढायचा असतो. संस्था १६६० सालची. विलायतेची राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून मिरवते आणि इतक्या वर्षांत तिने एकदाही उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेले आम्हाला सापडले नाही.

पहिला आक्षेप कोळ्याचा. १६६१ च्या जुलैमध्ये सभासदांनी युनिकॉर्नच्या, म्हणजे एकशिंगी घोड्याच्या, शिंगाची पूड गोल पसरली आणि मधोमध एक कोळी सोडला. त्या कड्याबाहेर कोळ्याला पडता येत नाही, अशी तेव्हा समजूत होती. कोळी तडक निघून गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा गेला. एकदा मात्र पुडीवर जरासा रेंगाळला, तेही इमानाने टिपून ठेवले आहे. कोळ्याविषयी समितीचे काही म्हणणे नाही. शिंगाची निविदा कुठे आहे? प्राणीच नाही तर त्याचे शिंग पुरवणारा ठेकेदार कोण? (हा दुसरा प्रश्न अंतिम मसुद्यातून वगळला आहे. नसलेल्या वस्तूंचा पुरवठा हा आपल्याकडे अनेकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.)

मार्च १६६५ मध्ये सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक काढले. पहिल्याच अंकात गुरू ग्रहावरचा डाग आहे, बर्म्युडाजवळची देवमाशांची शिकार आहे, जर्मनीतले शिशाचे खनिज आहे आणि एक विचित्र जन्मलेले वासरू आहे. अंकावर आयएसएसएन क्रमांक नाही. २०१० साली यूजीसीने एपीआय ही गुणांकन पद्धत आणल्यापासून आपल्याकडच्या प्राध्यापकांना निबंधाची किंमत गुणांत कळू लागली. त्या हिशेबाने डागाला किती आणि वासराला किती द्यायचे, यावर समितीत दोन तास चर्चा झाली. चहा दोनदा झाला. वासरू बहुविद्याशाखीय ठरले.

पुढची फाइल गंभीर आहे. नोव्हेंबर १६६७ मध्ये आर्थर कोगा नावाच्या माणसाच्या शिरेत सोसायटीने भर सभेत मेंढीचे रक्त सोडले. मोबदला वीस शिलिंग. दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स यांच्या मते हा गृहस्थ डोक्याने जरा सरकलेला होता, आणि थंड रक्ताने डोके शांत होईल अशी आशा होती. मेंढीचेच रक्त का, असे त्याला विचारले. ख्रिस्ताला देवाचे कोकरू म्हणतात, तेव्हा दोन्ही रक्तांत काही नाते असणार, असे त्याने सांगितले, आणि तेही लॅटिनमध्ये! इतके चोख उत्तर आमच्याकडच्या तोंडी परीक्षेत क्वचित ऐकू येते. माणूस जगला, त्यामुळे नुकसानभरपाईचे प्रकरण उद्भवले नाही. संमतीपत्राच्या तीन प्रती मात्र दप्तरात नाहीत.

ही मंडळी हवेचे वजन करत बसतात म्हणून दुसरा चार्ल्स राजा पोट धरून हसला होता. सनद त्यानेच दिलेली. सनदेबरोबर पैसे दिले नव्हते, तेव्हा हसण्याचा हक्क तेवढा त्याने राखून ठेवला असावा. १६७६ मध्ये नाटककार शॅडवेल यांनी रंगभूमीवर यांची खिल्ली उडवली. त्यांच्या नाटकातला विज्ञानवेडा टेबलावर पालथा पडून बेडकाकडे बघत पोहायला शिकतो, पाण्यात मात्र कधी उतरत नाही. सोसायटीचे प्रयोग ज्यांच्या शिरावर असत ते रॉबर्ट हूक स्वतः नाटकाला गेले होते. लोक आपल्याकडे जवळजवळ बोटच दाखवू लागले, असे त्यांनी डायरीत चिडून लिहिले. याच नाटकात सडक्या मांसाच्या उजेडात वाचन करण्याचाही विनोद आहे. त्याच्या चारच वर्षे आधी रॉबर्ट बॉइल यांनी अंधारात चमकणाऱ्या वासराच्या मांसावर सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला होता, आणि तो विनोद नव्हता. उपहासाचे सदर चालवणाऱ्यांनी अशा संस्थांचे उपकार विसरू नयेत.

आता आर्थिक बाब. १६८६ मध्ये सोसायटीने फ्रान्सिस विलुबी यांचा माशांवरचा लॅटिन ग्रंथ छापला. विलुबी तोवर वारले होते. जॉन रे यांनी काम पुरे केले. पानोपानी सुरेख ताम्रपट चित्रे. तिजोरी त्यात रिकामी झाली आणि ग्रंथ काही खपला नाही. नेमक्या त्याच वेळी केंब्रिजचा एक तुसडा प्राध्यापक आपले हस्तलिखित घेऊन छपाईच्या रांगेत उभा होता. नाव आयझॅक न्यूटन, ग्रंथाचे नाव ‘प्रिन्सिपिया’. सोसायटीने पसंतीची मोहोर उठवली, पैशांचे नाव काढले नाही. शेवटी एडमंड हॅली यांनी, होय, धूमकेतूवाले हॅली, पदरमोड करून १६८७ मध्ये तो छापून घेतला. हॅली सोसायटीच्या पगारावर होते. त्यांचे पन्नास पौंड द्यायची वेळ आली तेव्हा तिजोरीत खडखडाट. मग ठराव झाला की पन्नास पौंडांऐवजी मत्स्यग्रंथाच्या पन्नास प्रती द्याव्यात. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा खर्च हॅलींनी केला आणि पगार माशांत घेतला. घरी बायकोला काय सांगितले असेल, याची नोंद नाही.

या प्रकरणी सोसायटीची कार्यवाही नियमास धरून आहे, असे समितीचे एकमत झाले. मासा हा विषय जनतेच्या पोटाशी निगडित आहे. ग्रंथ सचित्र आहे. उलट न्यूटन यांच्या हस्तलिखिताचा लाभार्थी कोण, हे प्रस्तावात कुठेच स्पष्ट होत नाही. आमच्या मुंबईकर सदस्याने ते उलटेसुलटे करून पाहिले. त्यात एकही मासा नाही.

न्यूटन पुढे सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि मग कारभाराला शिस्त आली. कॅल्क्युलस आधी कुणी शोधले, न्यूटननी की लायब्निझनी, हा तंटा सोसायटीकडे आला. १७१२ मध्ये समिती नेमली गेली. अहवाल न्यूटन यांच्या बाजूने लागला. तो लिहिला होता न्यूटन यांनीच. पुढे १७१५ मध्ये त्या अहवालाचे भरघोस परीक्षण नियतकालिकात निनावी छापून आले, तेही न्यूटन यांच्याच हातचे. संपूर्ण दप्तरात आजच्या कार्यपद्धतीशी शंभर टक्के जुळणारी बाब आम्हाला हीच एक आढळली.

१७७० मध्ये डेन्स बॅरिंग्टन यांनी लंडनला आलेल्या बालमोझार्टची परीक्षा घेतल्याचा निबंध सादर केला. त्यात परीक्षार्थी वाद्य सोडून मांजराच्या मागे पळाला, असे नमूद आहे. हजेरीपत्रक जोडलेले नाही. पुढे चला.

१७६३ चे एक प्रकरण तर थेट नापास करण्याजोगे आहे. एडवर्ड स्टोन हे पाद्री. त्यांनी विलो झाडाची साल चाखून पाहिली, ती कडूजहर लागली, तापावरच्या सिंकोनाच्या सालीची आठवण झाली. त्यांनी सालीची पिशवी भरली, पाववाल्याच्या भट्टीला बाहेरून टांगली, तीन महिन्यांवर तशीच वाळू दिली, कुटली आणि पन्नासेक तापकऱ्यांना दिली. ताप उतरले. कारण काय दिले? ताप ओलसर जागी येतो, विलोही ओलसर जागी उगवतो, म्हणजे दुखण्याशेजारीच देवाने औषध ठेवले असणार! हे तर्कट आपल्याकडच्या परीक्षकाने लाल शाईने बरबटवले असते, आणि त्यात त्याचे चुकलेही नसते. फक्त सालीतला तो गुण खरा निघाला. ॲस्पिरिनची कुळकथा सांगताना आजही त्या पाववाल्याच्या भट्टीपाशी थांबावे लागते.

एडवर्ड जेन्नर यांची फाइल आम्ही सगळ्यात शेवटी घेतली. १७८९ मध्ये सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले ते कुकू पक्ष्यासाठी. परक्या घरट्यात उबलेले कुकूचे पिल्लू डोळे उघडायच्या आत दुसऱ्यांची अंडी-पिल्ले पाठीने बाहेर ढकलते, हे त्यांनी पाहिले होते. पुढे १७९७ मध्ये तेच जेन्नर गोस्तन देवीच्या लशीवरचा निबंध घेऊन आले, तर तो परत पाठवला गेला. पुरावा तोकडा, असे म्हणणे पडले, आणि खरे सांगायचे तर तो तोकडा होताच. जेन्नर यांनी आणखी प्रयोग केले आणि १७९८ मध्ये स्वखर्चाने पुस्तिका काढली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानातले ते पहिले लसीकरण. नाकारलेला निबंध पाच वर्षांत मुंबईला पोहोचला. आमच्याकडे मंजूर झालेल्या अनुदानाचा दुसरा हप्ता तेवढ्या वेळात मंत्रालयाच्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाईल, याची खात्री देता येत नाही.

सबब समितीच्या शिफारशी अशा. कोणता शोध लागणार, कोणत्या तिमाहीत लागणार आणि त्याचा लाभ कुणाला होणार, हे सोसायटीने पाच वर्षे आधी विहित नमुन्यात कळवावे. न कळवता लागलेले शोध ग्राह्य धरले जाणार नाहीत. भलत्याच तर्काने बरोबर निघालेले निष्कर्ष वसुलीपात्र समजण्यात येतील. सदस्यांचे बैठक भत्ते रोखीने द्यावेत, मत्स्यग्रंथाच्या प्रती चालणार नाहीत.

वाचकांत कुणी संशोधक असतील, तर त्यांनी हसण्यात वेळ घालवू नये. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा आहे, आणि पोर्टल शेवटच्या दिवशी बंद पडते.