चेंबरात शिरलेल्या डिझेलास अनावृत पत्र

प्रति,
श्री. डिझेल,
मूळ राहणार टाकी, हल्ली मुक्काम इंजिनाचे चेंबर.

स. न. वि. वि.

आपण ऑइलमध्ये सुखरूप पोहोचल्याचे कळले. आपण कळवले नाहीत, डिपस्टिकने कळवले. सर्व्हिसला ऑइल बरोबर वरच्या खुणेला होते. परवा कांडी ओढली तर खुणेच्या बोटभर वर! इंजिन ऑइल खाते, गळते, हे ऐकून होतो. ते ऑइल विते, हे नव्याने समजले. आपली खरी करामत अशी, की ही वाढ पाहून मालक खूश होतो. ‘आपली गाडी थेंबभर ऑइल खात नाही,’ असे चारचौघांत सांगत सुटतो. घर फुटले आणि घरधन्याने पेढे वाटले, असे भाग्य किती चोरांच्या वाट्याला येते?

पाणी आपल्यापुढे अगदीच कच्चे. हेड गॅस्केटमधून नाहीतर ऑइल कूलरमधून शिरते आणि लगेच पकडले जाते. ऑइल दुधाळ होते, कूलंट कमी होत जाते. तरी शंका उरलीच, तर तापल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकावा. पाणी तडतडून कबुली देते. नुसती दमट हवेची ओल असेल, तर लांबच्या प्रवासात ऑइल चांगले तापले की वाफ होऊन निघूनही जाते. आपण मात्र १८० अंशांच्या आसपास कुठे उकळायला लागणार आणि ३५०च्या घरात संपणार. एकदा बस्तान बसले की हलायचे नाव नाही.

रंगावरून तर आपण सापडतच नाही. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीने लवकरच काळे पडते आणि त्या काळोखात आपण साळसूद. पण आमचे मिस्त्रीही पोचलेले. त्यांनी आधी कांडी हुंगली, मग थेंब अंगठा-तर्जनीत चोळला; पातळ लागला. एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवला. सकाळी काळ्या डागाबाहेर फिकट तेलकट कडे पसरले होते. ही आपली सही. पक्का पुरावा हवा असेल, तर प्रयोगशाळा आहेच. चांगल्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारणपणे २०० अंशांच्या वर असतो. आपण मिसळलात की तो घसरतो.

आता वाटेचे बोलू. थेंब गाळणारे नोझल, किंवा जुन्या गाडीत फीड पंपाचे झिजलेले सील, या आपल्या वडिलोपार्जित वाटा. १ एप्रिल २०२० पासून धुरावरचे बीएस-६ निकष आले आणि राजमार्गही मिळाला. त्यासाठी बसवलेल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, साचलेली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत ज्वलन उरकल्यावर जादा डिझेल फवारतात, फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापावा म्हणून. मालक घर ते ऑफिस एवढेच अंतर कापतो आणि काजळी अर्धी जळालेली असतानाच चावी फिरवतो. मग पुन्हा फवारा, पुन्हा अर्धवट. दर वेळी आपण थोडे थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून, रिंगांच्या कडेने खाली. हवा स्वच्छ ठेवायच्या मोहिमेत मागच्या दाराने भरती होणारे आपणच!

पाहुणचार मात्र महाग पडतो. ऑइल पातळ झाले की बेअरिंगवरचा थर फाटतो आणि क्रँकपर्यंत झीज पोचते. पातळी फारच चढली, तर इंजिन ब्रीदरवाटे ऑइलच ओढून त्यावर धावू लागते. मग चावी काढली तरी थांबत नाही.

आपले हितचिंतक आमच्यातच आहेत. ‘जास्त झालेय? थोडे काढून टाका.’ ‘बिघडलेय? नवे भरा.’ बिल होते, आपण आलात कुठून हे कोणी विचारत नाही आणि थोड्याच दिवसांत आपण पुन्हा हजर.

या वेळी तसे होणार नाही. नोझल टेस्टिंगला गेली आहेत. डीपीएफची सफाई किती वेळा अर्धवट सुटली, ते स्कॅनरवर काढले आहे. वाट सापडून बुजल्याशिवाय नवे ऑइल चेंबरात पडणार नाही. पडेल त्या दिवशी कांडीची खूण आणि किलोमीटर वहीत चढतील. यापुढे ऑइल वाढले, तर अभिनंदन करायला इथे कोणी नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक सावध गाडीमालक