राज्यमाशास सविनय

प्रति,
श्री. पापलेट ऊर्फ सरंगा,
राज्यमासा, महाराष्ट्र राज्य,
मु. वाढवण ते सातपाटी, पाण्याखाली.

विषय : आपला राहता पत्ता बदलण्याबाबत.

महोदय,

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याला राज्यमाशाचा दर्जा मिळाला, त्याबद्दल उशिरा का होईना, मनःपूर्वक अभिनंदन. त्याच वर्षी ३१ जुलैला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने आपल्या राहत्या जागी, वाढवणला, बंदर बांधायला ना हरकत दिली होती, हे सत्काराच्या गडबडीत आपल्याला कोणी सांगितलं नसेल. या दोन गोष्टींचा कृपया संबंध जोडू नये. सन्मान देणारं खातं वेगळं, मंजुरी देणारं वेगळं, आणि त्यांच्या फायली एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

आपण ज्याला समुद्र समजता त्याला कागदावर सीआरझेड-४, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा चौथा प्रकार, म्हणतात. ओहोटीच्या रेषेपासून बारा सागरी मैल, इतकंच ते. त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र लागतं. तिकडे जायचा विचार असेल तर एक सूचना : जानेवारी २०२० पासून समुद्रातल्या तेल-वायूचं शोधकाम ‘ब-२’ गटात टाकलेलं आहे. या गटात परिणाम मूल्यमापनाचा अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. म्हणजे तिकडे आपल्याला विचारायची औपचारिकतासुद्धा उरलेली नाही. त्या मानाने वाढवणला आपला मान राखला गेला, असंच म्हणायला हवं.

तर वाढवणची हकिकत. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. उद्योगांना प्रदूषणानुसार हिरवा, नारिंगी, लाल असे रंग दिले आणि लाल उद्योग तालुक्यात येणार नाहीत, असं ठरलं. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून वर उल्लेखलेलं प्राधिकरण नेमलं गेलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे तेव्हाचे अध्यक्ष. त्यांच्यापुढे वाढवण बंदराचा प्रस्ताव आला आणि १९९८ मध्ये त्यांनी तो सरळ नाकारला. आपले आजोबा-पणजोबा त्या काळात निर्धास्त अंडी घालत असणार.

मग एप्रिल २०२० उजाडला. सारा देश दाराला कडी लावून घरात बसला होता आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मात्र कामात होतं. त्या महिन्याच्या ३० तारखेला मंडळाने बंदरं, जेट्ट्या आणि समुद्रतळ उपसण्याची कामं लाल यादीतून काढली आणि ‘बिगर-औद्योगिक’ सदरात नेऊन ठेवली. समुद्रात एक दगडही हलला नव्हता. डहाणूतली बंदी उद्योगांवर होती आणि बंदर आता उद्योगच राहिलं नव्हतं. नियम न मोडता नियमाच्या पलीकडे जाण्याची ही कला पाहून मी खरोखर थक्क झालो. आपल्याला भरतीबरोबर रंग बदलता येत असता, तर आपणही एखाद्या सोयीच्या सदरात जाऊन बसला असता.

आता आकार. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. आपल्यासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पिल्लू जाळ्यात आलं तर मच्छीमार दोषी. नियम चांगला आहे, सातपाटीच्या कोळ्यांनाही पिल्लं मारून भागणार नाही हे कळतं. पण याच सरकारदरबारी बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा आहे, शिवाय १०.१४ किलोमीटरचा लाटारोधक बांध घालायचा आहे. भरावाची वाळू, सुमारे वीस कोटी घनमीटर, दमणसमोरच्या समुद्रतळातून उपसून आणायची आहे. तिथेही आपले नातेवाईक असतील. त्या वाळूबरोबर वर येणाऱ्या पिल्लांना मोजपट्टी कोण लावणार, याचा उल्लेख मला कुठे आढळला नाही.

बंदराच्या बाजूनेही बोलायला हवं. किनाऱ्यापासून जवळच वीसेक मीटर नैसर्गिक खोली मिळते, जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं तिथे लागू शकतात. खर्च ७६,२२० कोटी, रोजगार बारा लाख, असं सरकार सांगतं. या गोष्टी मी हसण्यावारी नेत नाही. पण मच्छीमार ज्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात तो मासळीचा पट्टाही इथलाच, आणि त्याच्या हिशेबाचा रकाना मात्र परवानगीच्या अर्जात नेमका अपुरा भरलेला असतो.

त्याचं कारण अर्जाच्या रचनेतच आहे. परिणाम मूल्यमापनाचा अहवाल सल्लागार लिहितात आणि त्यांचं बिल प्रकल्पवालाच चुकता करतो. मंजुरीनंतर अटी पाळल्या जातात की नाही, याचा सहामाही अहवालही प्रकल्पवालाच पाठवतो. सुनेने काय सोसलं याची वही सासूबाईंनी लिहावी, तशी ही पद्धत. म्हणून सर्वेक्षणाची होडी येईल त्या दिवशी आपण सहकुटुंब जाळ्यात हजर राहावं, ही कळकळीची विनंती. जो मासा नमुन्यात सापडत नाही, तो अहवालात जन्मतच नाही.

जनसुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली, पालघरला. आपण आला नाहीत. आपल्या वतीने किनाऱ्यावरची माणसं बोलली, ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ हे तर गेली कित्येक वर्षं गावोगावी घुमतंच आहे. त्या हरकती वाचून, त्यांवर विचार करून, तज्ज्ञ समितीपुढे ठेवून १६ फेब्रुवारीला पर्यावरण मंजुरी निघालीसुद्धा. एवढ्या वेगाने आमचा सातबाराही निघत नाही. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या ना हरकतीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. ३० ऑगस्टला पायाभरणी झाली, तीही पालघरला, जमिनीवर, त्यामुळे आपल्यापर्यंत आवाज पोहोचला नसावा.

हे पत्र मिळाल्यापासून योग्य त्या मुदतीत आपण नवा पत्ता कळवावा. न कळवल्यास आपली हरकत नाही, असं समजण्यात येईल.

आपला,
परवानग्यांचा एक वाचक

प्रत माहितीसाठी :
१. बोंबील, शेवंड व इतर रहिवासी (दर्जा मिळालेला नसल्याने स्वतंत्र पत्र नाही).
२. श्री. घोळ, राज्यमासा, गुजरात राज्य. आपल्याकडे येऊ घातलेल्या पाहुण्यांची सोय करावी. मात्र दमणची वाळू उपसली जात असल्याने त्यांना त्या वाटेने बोलावू नये.