नाना नामंजूर

वेबसाइट उघडली की खालून कुकीजची जी पाटी वर येते, ती शेवटपर्यंत वाचणारा एक माणूस आमच्या सोसायटीत राहतो. नानांची उभी नोकरी बँकेत कर्जप्रकरणं नामंजूर करण्यात गेली. निवृत्तीनंतर हात शिवशिवायचे. ती सोय युरोपियन युनियननं केली.

लेक म्युनिकला असल्यामुळे तिथली थंडी, तिथल्या रेल्वेचे संप आणि तिथली वर्तमानपत्रं रोज सकाळी नानांना तपासावी लागतात. जाहिरातीसाठी कुकी ठेवायची तर आधी विचारायचं, असा तिकडचा कायदा. आपण ‘मान्य’ दाबून मोकळे होतो. नाना चष्मा पुसतात.

“एका बातमीला शेकडो भागीदार? अहो, दोन भागीदारांची फर्म आली तरी मी जामीनदार मागायचो!”

मग ‘वैध हितसंबंध’ या सदराखाली आधीपासूनच चालू करून ठेवलेली बटणं एकेक करून बंद होतात. तोवर चहावर साय धरते आणि काकू आतून विचारतात, “संप मिटला का हो?”

सिलिंडरवाला दारात आला तरी सुटत नाही. “1994 साली नेटस्केपच्या लू मोंटुलीनं ही कुकी काढली. वेबसाइटला मुळात स्मरणशक्ती नाही बघ. दुसऱ्या पानावर गेलास की तू कोण, हे ती विसरते. म्हणून तुझ्याच फोनात चिठ्ठी ठेवते. देवळाबाहेर चपलांचा बिल्ला देतात, तसं. बिल्ल्याला माझी हरकत नाही. पण तोच बिल्ला हारवाला, नारळवाला, पेढेवाला बघणार आणि मी कुठकुठल्या देवळांत जातो ते वहीत टिपणार, हे नामंजूर!”

“काका, कोड सांगा,” सिलिंडरवाला म्हणतो.

आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हा युरोपीय न्यायालयाचा 2019 चा निकाल नानांना तोंडपाठ आहे. होकार एका टिचकीत आणि नकाराला मात्र अनेक टिचक्या, म्हणून फ्रान्सनं गूगलला पंधरा कोटी युरो दंड केल्याचं जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालं, तेव्हा काकूंना शिरा करावा लागला होता.

खरी गंमत रात्री. झोपण्यापूर्वी नाना ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज पुसतात. आता, नाना नको म्हणाले, हीसुद्धा नोंद बहुधा एका कुकीतच असते. ती पुसली की सकाळी तीच वेबसाइट त्याच अदबीनं पुन्हा विचारते, आणि नाना ताज्या दमानं नकार देतात. शेजारच्या कॉलेजकन्येनं एकदा समजावलं, “नाना, बाहेरच्यांच्या कुकीज सेटिंगमध्ये कायमच्या बंद करा, बाकीच्या राहू द्या. रोज विचारणार नाहीत.”

“कोणीच विचारणार नाही?” नानांचा चेहरा पडला.

त्या सेटिंगला त्यांनी अजून हात लावलेला नाही. तुम्ही मात्र लावा. सफारी 2020 पासून या बाहेरच्यांच्या, म्हणजे थर्ड-पार्टी कुकीज आपणहून अडवतं. क्रोमनं तसं करण्याचं वचन देऊन 2024 मध्ये माघार घेतली, तेव्हा तिथं प्रायव्हसीत जाऊन त्या स्वतःच बंद करायच्या. रोज रात्री सगळं पुसायचं असेल, तर आधी पासवर्ड आठवतात का ते बघा. सकाळी प्रत्येक ठिकाणी नव्यानं लॉगिन करावं लागतं.