डोस पाजून सोडलेलं मूल

पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. सकाळी साडेआठला पाजलेला डोस दुपारी एकच्या सुमारास उतरू लागतो. पाळणाघरात तेव्हा जेवणं उरकून मुलांना झोपवायची वेळ असते. ताई पांघरूण घालायला वाकतात आणि हाताला चटका बसतो. ताप 102. शेजारच्या गादीवर दुसरं मूल झोपलेलं असतं, आणि याने सकाळी तोंडात घातलेले ठोकळे तोवर सगळ्यांच्या तोंडात जाऊन आलेले असतात.

मग फोन जातो. आईलाच जातो. ‘सकाळी तर छान खेळत होता हो!’ हे उत्तर ताईंना आता पाठ झालंय.

ही लपवाछपवी बंद झाली पाहिजे. सकाळच्या डोसबद्दल ताईंना सांगितलं नाही, तर ताप पाहून त्या दुसरा डोस देतील. या औषधाच्या दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर लागतं, आणि वरचेवर जास्त औषध पोटात गेलं तर यकृताला इजा होते. मूल घरी ठेवणं जमत नसेल, तरी खरं सांगणं जमतं.

कोणाला घरी ठेवायचं, याचे नियम अवघड नाहीत. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तर मूल येऊ द्या. उलट्या-जुलाब थांबल्यावर 48 तास थांबा. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत आणि गोवराचा पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल घरीच हवं. नुसतं नाक गळतंय, पण मूल खेळतंय, जेवतंय, तर त्याला परत पाठवू नका. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच. शिंक आली की ‘डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ म्हणणारी पाळणाघरंच आईबापांना लपवायला शिकवतात. नियम लेखी असावा, प्रवेशाच्या दिवशी हातात द्यावा आणि सगळ्यांना सारखा लावावा.

पाळणाघरात सगळ्यात जपायला हवं ते तान्ह्यांना. कायद्याने आईला 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे बाळ चार ते सहा महिन्यांचं होतं आणि पाळणाघरात येतं. गोवराची पहिली लस मिळते नऊ महिने पुरे झाल्यावर. मधल्या काळात हे बाळ इतरांच्या भरवशावर असतं. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा मुलं दगावली. त्यामुळे ‘साधा ताप असेल’ हा अंदाज दारातून आत सोडायचा नसतो.

पण आईबापांना दटावून हा लेख संपवणं अन्यायाचं होईल. डोस पाजणाऱ्या आईला ताप दिसत नाही असं नाही. तिला साहेबांचा चेहरा आधी दिसतो. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. त्या पाळणाघरात जाता येणार नाही इतकं मूल आजारी पडलं तर काय, याचं उत्तर कायद्यात नाही. ईएसआय योजनेत कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. त्याचं मूल आजारी पडलं तर औषधोपचार मिळतात, पण त्याच्याजवळ बसायला दिवस मिळत नाही. केंद्र सरकारच्या सेवेत बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवाकाळात 730 दिवस. ती महिलांना आणि एकल वडिलांना मिळते. घरात बायको असलेल्या बापाला त्यातला एकही दिवस नाही. आजारी मुलाची उस्तवार बाईनेच करायची, हे सरकारनेच लिहून ठेवलंय.

स्वीडनमध्ये आजारी मुलासाठी दर मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत भत्ता मिळतो आणि तो आई किंवा बाप कोणीही घेऊ शकतो. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यातून 2024 पासून आईला 15 आणि बापाला 15 दिवस आहेत. आपल्याकडे निदान दहा दिवसांपासून सुरुवात करा. रजा पगारी असावी, खासगी नोकरीतही मिळावी, आणि आईबापांची वेगवेगळी असावी. आईने घेतली नाही म्हणून बापाला जास्त आणि बापाने घेतली नाही म्हणून आईला जास्त, अशी सोय नको. नाहीतर सगळे दिवस पुन्हा तिच्याच खात्यावर पडतील.

कायदा येईल तेव्हा येईल. बाबालोकहो, पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर उद्याच बदलून तुमचा लिहा. आणि दुपारी तो वाजला की मीटिंगमधून उठा.